इतलं ऊन पडेल शे

वादळ आलं ते संध्याकाळी पाचच्या सुमारास. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. आईचा फोन आला तेव्हा मागे पत्र्यांचा आवाज इतका होता की तिचे शब्द तुटत होते. "केळीचं काही राहिलं नाही," एवढं ऐकू आलं आणि फोन कट झाला. रात्रभर लागला नाही. गावातला मोबाइलचा टॉवरही बंद पडला होता.

सकाळी पहिल्या एसटीने जळगावहून निघाले. विदगावचा पूल ओलांडला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वादळ दिसायला लागलं. घड लागलेल्या केळी कमरेतून मोडून एकाच दिशेला झोपलेल्या. विजेचे खांब कुठे कलंडलेले, कुठे मधोमध तुटलेले, तारा शेतात पडलेल्या. आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावात शिरले तेव्हा दहा वाजत आले होते आणि आभाळ असं स्वच्छ की आदल्या दिवशी काही घडलंच नसावं.

आई ओट्यावर बसली होती, वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत. रात्रभर झोप नाही. वय चौऱ्याहत्तर. मी पिशवी खाली ठेवायच्या आत तिने वर गच्चीकडे हात केला. तिथे सात महिन्यांपूर्वी आम्ही बसवलेली सोलरची पॅनल उन्हात चमकत होती. ती म्हणाली, "इतलं ऊन पडेल शे, मंग पंखा काबर बंद शे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. विद्युतधारा, रोध, युनिट म्हणजे काय हे आठवी-नववीच्या पोरांकडून घोटून घेते. सोलर बसवायचा आग्रहही माझाच होता. धाकटा भाऊ पुण्याला असतो, पैसे त्याने दिले, कागदपत्रं मी केली. आईला समजावताना मी दोनदा तरी म्हटलं होतं, "आता तुला लाइटची काळजी नाही." ते वाक्य मला त्या ओट्यावर फार लागलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने माझ्या शब्दावर विसंबून जुना इन्व्हर्टर भंगारात दिला होता. बॅटरी उतरलीच होती, आणि सोलर आल्यावर आता तो कशाला, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं.

जिन्याखाली भिंतीवर सोलरचा इन्व्हर्टर आहे, पांढरा डबा. त्यावर लाल दिवा लागला होता आणि पडद्यावर 'नो ग्रिड', म्हणजे बाहेरच्या तारेत वीज नाही. पॅनलमधून वीज खाली येऊन त्या डब्याच्या दारात उभी होती आणि डबा तिला आत घेत नव्हता. बसवणाऱ्याला फोन लावायला मला वेशीबाहेर टेकाडावर जावं लागलं. तो सहज म्हणाला, "मॅडम, ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या तारेला जोडलेली आहे ना तुमची. लाइट गेली की ती बंदच होते." हे आधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाला, कोणी विचारत नाही.

म्हणून हे लिहायला बसले आहे. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली आणि तेव्हापासून आमच्या भागात गच्च्यांवर पॅनल दिसायला लागली. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे 30 हजार, तीन किलोवॅट किंवा त्याहून जास्त बसवलं तर एकूण 78 हजार अनुदान. चांगली योजना आहे, आमचाही फायदा झाला. पण माझ्या आईसारखी किती माणसं बिल कमी होणं आणि लाइट न जाणं या दोन गोष्टी एकच समजून बसली असतील, या विचाराने मला स्वस्थ बसवत नाही.

बिलाची बाजू आधी सांगते. आमच्या घरी हिवाळ्यात 80-90 युनिट होत आणि मे महिन्यात 260. मे महिन्यात नातवंडं येतात, दोन कूलर चालतात, फ्रिज सारखा उघडला जातो. आता बिलाचे टप्पे बघा. 2024-25 साली घरगुती दर पहिल्या 100 युनिटला वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) धरून 5 रुपये 88 पैसे होता आणि 101 ते 300 मध्ये 11 रुपये 46 पैसे. जवळजवळ दुप्पट. पुष्कळांना वाटतं की 101वं युनिट पडलं की सगळंच बिल महाग दराने लागतं. तसं नाही. पहिली 100 स्वस्त ती स्वस्तच राहतात, वरची तेवढी महाग होतात. तरी हिशेब जड जातोच. 260 युनिटचे 2400 रुपये, त्यावर 130 च्या आसपास स्थिर आकार, त्या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. 2900 पार. हिवाळ्यात तेच घर 700 रुपयांत भागतं. म्हणजे युनिट तिप्पट झाली तर बिल चौपट होतं, आणि ते ज्या महिन्यात कूलर बंद करणं शक्यच नाही नेमकं त्याच महिन्यात.

आम्ही दोन किलोवॅटचं बसवलं. खर्च 1 लाख 40 हजार, अनुदान 60 हजार, खिशातून 80 हजार. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे आमचं महिन्याला 240 च्या आसपास. मे महिन्याचं बिल 400 वर आलं. पाच वर्षांत पैसे वसूल होतील. या हिशेबात मी चुकले नव्हते.

यात दोन गोष्टी मात्र मला मागाहून कळल्या. एक तर आपलं मे महिन्याचं ऊन पॅनलला मानवत नाही. वीज उजेडाने तयार होते, उष्णता उलट तिला मारते. पॅनलची क्षमता 25 अंशांना मोजलेली असते, आणि त्याच्या वर दर अंशाला साधारण टक्क्याचा तिसरा हिस्सा उतरत जाते. जळगाव-भुसावळकडे पारा 45 ला टेकतो तेव्हा गच्चीवरच्या पॅनलची काच 65 च्या पुढे गेलेली असते. म्हणजे बारा-चौदा टक्के तिथेच गेले. वर धूळ. आई आता आठवड्यातून दोनदा उजाडताना पॅनलवर पाणी मारून घेते. ऊन चढल्यावर तापल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही हे तिला सांगावं लागलं नाही. तापलेल्या तव्यावर पाणी टाकू नये हे तिला माझ्या आधीपासून माहीत आहे.

दुसरी गोष्ट जास्त लागणारी. हिवाळ्यात आपण वापरतो त्याहून जास्त वीज बनते, ती आपल्या खात्यावर जमा होते आणि पुढच्या महिन्यात वळती होते. पण हे खातं 31 मार्चला बंद होतं. उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात ते आपण वीज घेतो त्या दराने नाही, पुष्कळ कमी दराने. थंडीत साठवलेली युनिटं उन्हाळ्यात कूलरला कामी येतील असं मला वाटत होतं. खानदेशचा उन्हाळा मार्चअखेर नुसता सुरू होतो आणि तेव्हाच शिल्लक पुसली जाते. म्हणून गरजेपेक्षा मोठं सोलर बसवण्याआधी वर्षभराची बिलं पुढे घेऊन बसा, एवढंच कळकळीने सांगते.

पण आईचा प्रश्न बिलाचा नव्हता. ऊन असताना पंखा का बंद?

उत्तर मिळालं दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, गल्लीच्या तोंडाशी. नवा खांब उभा राहिला होता आणि वायरमन वर चढायच्या बेतात होता. पंचविशीचा मुलगा, दोन दिवस अंगावरचे कपडे बदलले नसावेत. त्याने आधी लांब काठीने तारांवर साखळी टाकली. तिचं दुसरं टोक जमिनीत खोचलेल्या सळईला बांधलेलं. मग खालूनच मोठ्याने ओरडला, "कोणाचं जनरेटर चालू आहे का? असेल तर बंद करा!" शेजारच्या गल्लीतून फटफट येत होती. त्या घरात जनरेटरची वायर सरळ भिंतीतल्या प्लगात खुपसलेली निघाली, मेन स्विच चालूच. घरात लाइट यावी म्हणून केलेलं. पण त्या प्लगातून वीज मीटरकडे उलटी जाते, मीटरमधून खांबावर आणि खांबावरून डीपीत, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये. डीपीत आपल्याकडे येताना 11 हजार व्होल्टचे 230 होतात. उलट गेली तर त्याच डीपीत 230 चे परत 11 हजार होऊ शकतात. ज्या तारेला तो मुलगा मेलेली तार समजून हात घालणार, तिच्यात.

मी आईला तिथेच सांगितलं. आपल्या गच्चीवरची वीज अशीच खांबावर गेली असती. म्हणून तो डबा सतत तारेची नाडी बघत असतो. तारेत वीज नाही असं दिसलं की दोन सेकंदांच्या आत तो स्वतःला बंद करून घेतो. ती त्याची बिघाड झाल्याची खूण नाही, त्याला शिकवलेलंच तसं आहे.

आई खांबावरच्या मुलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग बंदच ऱ्हाऊ दे. तो बी कोनाना पोऱ्या शे."

लाइट आली तिसऱ्या दिवशी पहाटे. गल्लीत पोरांनी "उनी, उनी!" म्हणजे आली, आली, असा ओरडा केला. हे ओरडणं माझ्या ओळखीचं आहे. आम्ही कॉलेजात असताना भारनियमनाचे दिवस होते. जून 2005 मध्ये वीज मंडळाच्या तीन कंपन्या झाल्या, त्याच्या आगेमागे सुरू झालेलं ते पर्व 2012 पर्यंत चाललं. खेड्यात बारा बारा तास लाइट नसे. ज्या भागात गळती जास्त, वसुली कमी, तिथे जास्त तास बंद, असं वेळापत्रक लागायचं. गिरणीवर दळणाचे डबे रांगेने मांडून बाया लाइटची वाट बघत बसत. वडील म्हणायचे, भुसावळजवळचं दीपनगरचं वीजकेंद्र इथून किती लांब, हतनूर धरणातलं तापीचं पाणी पिऊन तिथे वीज बनते आणि आपल्याकडे कंदील. वीज कुठल्या गावाची नसते, राज्यभराच्या जाळ्यात जाते आणि तिथून वाटली जाते, हे मला तेव्हा त्यांना सांगता आलं नाही. आज धुळे जिल्ह्यात साक्रीकडे शिवाजीनगरला 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. वीज बनवण्यात खानदेश मागे नाही. पण घराच्या दारातली तार तुटली की या सगळ्याचा काही उपयोग नाही, आणि ती तार वर्षातून दोन-तीनदा तरी तुटतेच.

तेव्हा आईसाठी तारेवर अवलंबून नसलेलं काहीतरी हवं होतं. भाऊ म्हणाला, मोठा हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी घेऊ. त्यात वादळातही गच्चीवरचं सोलर चालू राहतं, तारेपासून घर तोडून घेतं आणि आतल्या आत चालतं. चांगली सोय आहे, पण तिचा खर्च जवळपास सोलरइतकाच परत होत होता. मी चार दिवस वही घेऊन बसले. आईला नेमकं काय हवं? रात्री एक पंखा. स्वयंपाकघरात आणि न्हाणीकडे एकेक दिवा. मोबाइल. फ्रिज दोन दिवस बंद राहिला तर दूध तापवून ठेवता येतं, असं तिचंच म्हणणं.

एवढ्यासाठी एक बॅटरी आणि साधा इन्व्हर्टर घ्यायचं ठरलं. आता बॅटरीचा हिशेब. दुकानात 150 एएच (अँपिअर-तास) असं लिहिलेली बॅटरी मिळते, 12 व्होल्टची. दोन्हींचा गुणाकार केला की 1800 वॅट-तास, म्हणजे कागदावर 1.8 युनिट. पण शिशाच्या बॅटरीतून सगळं उपसून घेतलं तर ती लवकर मरते. निम्म्याहून थोडं जास्त, साधारण 1000 वॅट-तास काढावे. त्यातले दीड-दोनशे इन्व्हर्टरच खातो. हातात येतात 800. जुना छताचा पंखा 75 वॅट घेतो, दोन दिवे 9-9 चे. एकूण 93. साडेआठ तास. मे महिन्यातली रात्र निघते, पण दुसऱ्या रात्रीला काही उरत नाही.

याच ठिकाणी मला सगळ्यात मोलाची गोष्ट सापडली. पंखा बदलला. नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा येतो, 30 वॅटचा, तीन हजारांच्या आसपास. 30 अधिक 18, 48. त्याच बॅटरीवर साडेसोळा तास. दुसरी बॅटरी घेतली असती तर 15 हजार गेले असते, जागा गेली असती, पाणी घालायचं दुप्पट काम आलं असतं. तीन हजारांच्या पंख्याने तेच झालं. बॅटरी मोठी करण्याआधी घरातला भार लहान करून बघा. दुकानदार हे स्वतःहून सांगेल अशी अपेक्षा धरू नका.

गच्चीच्या कोपऱ्यात दोन लहान पॅनल वेगळी लावली, 165 वॅटची, जी कुठल्याही तारेला जोडलेली नाहीत. मध्ये चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरीत जाणारी वीज आवरणारा डबा, आणि तिथून सरळ बॅटरीला. लाइट तीन दिवस आली नाही तरी दिवसा बॅटरी भरते. आता आईच्या प्रश्नाला घरात उत्तर आहे. लहान आहे, पण तिच्या खोलीपुरतं पुरतं.

ही वीज महाग पडते, हेही लपवत नाही. दिवसाला सरासरी एक तास लाइट जाते असं धरलं आणि दीडशे वॅटचं घर त्यावर चाललं, तर वर्षाला 55 युनिट होतात. बॅटरी पाच वर्षं टिकली, इन्व्हर्टर दहा, तर युनिटमागे 70 रुपये पडतात. तारेतून येणारं युनिट 2024-25 च्या दराने सहा ते साडेअकरा रुपयांना पडायचं. पेट्रोलचा लहान जनरेटरही स्वस्त नाही, वर आवाज आणि धूर. पण 70 रुपये महाग की स्वस्त हे दिवसा, पंख्याखाली बसून ठरवण्याची गोष्ट नाही. त्या पुठ्ठ्याने वारा घेत काढलेल्या रात्रीला मी कितीही दिले असते.

आणि बॅटरीला आपली उष्णता पॅनलपेक्षाही जास्त बाधते. पत्र्याखाली, गच्चीच्या जिन्यात ठेवलेली बॅटरी तीन वर्षांत जाते. आमची आता धान्याच्या कोठीशेजारी सावलीत, मोकळ्या खिडकीखाली आहे. उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांनी पाण्याची पातळी बघायची, आणि घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी गाळून घालणारी घरं मी पाहिली आहेत, त्यांच्या बॅटऱ्या दुसऱ्या वर्षी बसलेल्याही.

कूलर या बॅटरीवर चालवायचा नाही, असं ठरवलं. 180-200 वॅटचा कूलर तिला चार तासांत खाली आणतो. मात्र तारेच्या विजेवर कूलरसारखं दुसरं काही नाही. दीड टनाचा एसी तासाला दीड युनिटच्या आसपास घेतो, कूलर पाचव्या हिश्शाहूनही कमी. आपल्या एप्रिल-मेची हवा कोरडी ठणठणीत, गवताच्या पॅडवरचं पाणी ती झटक्यात पिते आणि तेवढ्यात गार होते. मृगाचे ढग आले की हवेत दमटपणा येतो आणि कूलर नुसताच वारा फेकतो. त्या पंधरा दिवसांत त्याची पाण्याची मोटर बंद ठेवा, अंग चिकचिकायचं थांबतं.

हिवाळ्यात गोष्ट उलटी. लोकांना खानदेश म्हणजे ऊनच माहीत, पण डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो आणि केळीच्या पानांवर थंडीचे चट्टे पडतात. तेव्हा घरातली सगळ्यात मोठी वीज लागते ती आंघोळीच्या पाण्याला. वीस लिटरची बादली, टाकीतलं पाणी 20 अंशांचं, ते 45 पर्यंत न्यायचं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला 1.16 वॅट-तास लागतात, हा निसर्गाचा हिशेब आहे, कुठल्याही कंपनीच्या गिझरने बदलत नाही. गुणाकार केला की बादलीला 0.58 युनिट. 2024-25 च्या दराने स्वस्त टप्प्यात साडेतीन रुपये, महाग टप्प्यात सहा-सात. चार माणसांच्या घरात महिन्याला 70 युनिट नुसत्या आंघोळीला. आईचा 30 वॅटचा पंखा तेवढ्यात तीन महिने अखंड फिरेल.

आई गिझर लावत नाही. परसात तांब्याचा बंब आहे, माझ्या आजीच्या वेळचा. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. कपाशी उपटली की पऱ्हाट्या मोळीने घरी येतात आणि पहाटे पाचला बंब पेटतो. त्या पाण्याला धुराचा थोडा वास असतो, तो मला अजून आवडतो. पण पऱ्हाट्यांचे ढीग आता आम्ही उन्हाळ्यापर्यंत ठेवत नाही. त्यांतल्या राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या कपाशीवर येते. आणि धूर आईच्या छातीला चांगला नाही, हेही खरं. हिवाळ्यात गच्चीवरची वीज जास्तीची असते, मार्चअखेर ती पडत्या दराने जाणारच. मग दुपारी अकरा ते दोनमध्ये, ऊन डोक्यावर असताना, लहान गिझर लावून पाणी तापवून ठेवावं, असं मी सुचवलं आहे. तिने अजून होकार दिलेला नाही. "पहाटनं पानी पहाटे तपाडेल बरं," एवढंच म्हणाली.

परवा पुन्हा वारा सुटला. संध्याकाळी मी धास्तीने फोन लावला. लागला. लाइट दुपारपासून गेलेली होती. मागे पंख्याचा बारीक आवाज येत होता. तिने इन्व्हर्टरशेजारी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं आहे: रात्री एक पंखा, दोन दिवे, टीव्ही नाही. शेजारच्या दोन पोरींची परीक्षा आहे म्हणून त्या अभ्यासाला आमच्या ओट्यावर बसल्या होत्या, तिसरा दिवा त्यांच्यासाठी. मी मनात आकडा केला. 57 वॅट, चौदा तास. सकाळपर्यंत पुरेल.

मी तसं सांगायच्या आत ती म्हणाली, "येतांना बॅटरीनं पानी लई येजो. खाले गयं ते."